वाळू टाकायची की वाचवायची?

१८४९ साली लंडनमधल्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानं एका मोठ्या काचपात्राच्या तळाशी वाळू आणि चिखल घातला, त्यात झऱ्याचं पाणी ओतलं, दोन लहान गोल्डफिश सोडले आणि व्हॅलिसनेरिया ही पाणवनस्पती लावली. पाणी न बदलता मासे आणि वनस्पती एकमेकांना जगवू शकतात का, हे त्याला पाहायचं होतं. सुरुवातीला सगळं छान चाललं. मग वनस्पतीची जुनी पानं कुजू लागली, पाणी गढूळ झालं आणि आत हिरवं शेवाळ माजलं. वॉरिंग्टननं पात्र रिकामं केलं नाही. त्यानं तळ्यातल्या पाणगोगलगायी आणून आत सोडल्या. त्यांनी कुजकी पानं आणि शेवाळ फस्त केलं आणि पाणी पुन्हा निवळलं. १८५० साली त्यानं हा प्रयोग प्रसिद्ध केला. घरगुती मत्स्यालयाचा पाया घालणाऱ्या प्रयोगांत त्याची गणना होते.

त्याला आता सुमारे पावणेदोनशे वर्षं झाली. शेवाळाचा त्रास तेव्हा होता, तसा आजही आहे. मात्र वॉरिंग्टनचा संयम आपण विसरलो आहोत. वाळूवर हिरवा किंवा काळपट थर दिसला की एखाद्या रविवारी सगळी टाकी उपसली जाते. वाळू नळाखाली खळखळून धुतली जाते, फिल्टरचा स्पंज पिळून पांढरा केला जातो आणि संध्याकाळपर्यंत मासे नव्या पाण्यात परत येतात. टाकी लख्ख दिसते. पण आठवड्याभरात मासे पाण्याच्या वरच्या थरात येऊन धापा टाकू लागतात आणि एकामागून एक मरतात. दोष पाण्याला, खाद्याला किंवा दुकानदाराला दिला जातो. कारण बहुतेक वेळा त्या धुतलेल्या वाळूत आणि पिळलेल्या स्पंजात असतं.

वाळूला हात कधी लावू नये, ती टाकीतच कधी साफ करावी, बाहेर काढून निर्जंतुक कधी करावी आणि सरळ टाकून कधी द्यावी, हे चार वेगळे निर्णय आहेत. ते नीट घेता यावेत म्हणून आधी वाळूत काय चाललेलं असतं ते समजून घेऊ.

वाळूत राहतं कोण?

दोन फूट लांब आणि एक फूट रुंद टाकीत दोन इंच वाळू पसरली, तर ती साधारण ९ लिटर भरते. कण १ मिलिमीटर जाडीचे आणि गोल आहेत असं धरलं, तर या ९ लिटर वाळूतल्या सगळ्या कणांचा मिळून पृष्ठभाग ३० चौरस मीटरांहून जास्त होतो. मुंबईतल्या वन-रूम-किचनएवढी ही जागा झाली. तिच्यावर सूक्ष्मजीवांचा पातळ, चिकट थर वस्ती करून असतो.

मासे मुख्यतः कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतात. उरलेलं खाद्य आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच तयार होतो, आणि तो माशांना विषारी असतो. वाळूतले आणि फिल्टरमधले काही सूक्ष्मजीव त्याचं नायट्राइट करतात. नायट्राइटही घातक असतं, कारण ते माशाच्या रक्तात शिरून हिमोग्लोबिनची ऑक्सिजन वाहण्याची ताकद हिरावून घेतं. मग दुसरे सूक्ष्मजीव नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट बरंच सौम्य असतं. ते वनस्पती वापरतात आणि उरलेलं आपण पाणी बदलून बाहेर काढतो.

सूक्ष्मजीवांचं हे काम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञानं उलगडलं. त्यानंतर शंभरेक वर्षं असं मानलं जायचं, की अमोनियावर जगणारे हे सगळे जीव जिवाणूच आहेत. २००५ साली अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल मत्स्यालयात, उष्ण कटिबंधातल्या सागरी माशांच्या टाकीच्या तळातल्या खडीतून एक वेगळाच जीव वेगळा करण्यात आला. तो जिवाणू नव्हता, आर्किया या दुसऱ्याच प्राचीन गटातला होता. त्याला नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस हे नाव मिळालं. पुढे त्याचे भाऊबंद जगभरच्या समुद्रांत प्रचंड संख्येनं सापडले. सागरातल्या नायट्रोजनचक्राचा एवढा मोठा भागीदार माणसाला पहिल्यांदा हाती लागला तो एका मत्स्यालयाच्या तळाशी!

या उपयुक्त जीवांची अडचण एकच, ती म्हणजे त्यांची वाढ फार सावकाश होते. कुजक्या अन्नावर जगणारे काही जिवाणू अनुकूल स्थितीत अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होतात. अमोनियावर जगणाऱ्यांना त्यासाठी दिवसभर किंवा त्याहूनही जास्त वेळ लागू शकतो. म्हणूनच नव्या टाकीत हे चक्र बसायला साधारण ४ ते ६ आठवडे जातात. नळाच्या पाण्यातला क्लोरीन त्यांना मारतो. भारतीय मानकानुसार क्लोरीन घातलेलं पाणी घरापर्यंत पोचतं तेव्हा त्यात दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावा लागतो. माणसांच्या आरोग्यासाठी हे आवश्यकच आहे, पण वाळूवरच्या वस्तीला तो मानवत नाही. वाळू आणि स्पंज एकाच दिवशी नळाखाली धुतले की अमोनिया सांभाळणारं जवळपास कुणीच उरत नाही.

आधी निदान

वाळूवर काहीही दिसलं तरी आपण त्याला सरसकट शेवाळ म्हणतो. पण टाकीत होणारे उद्रेक वेगवेगळे असतात आणि त्यांचे उपायही वेगळे असतात.

पाणी एकाएकी दुधासारखं पांढुरकं झालं आणि मासे ठीक असले, तर ती कुजक्या अन्नावर वाढणाऱ्या जिवाणूंची लाट असते. नव्या टाकीत किंवा खाद्य जास्त पडल्यावर ती येते. वाळूचा तिच्याशी फारसा संबंध नाही. खाद्य कमी करा, एअर पंप चालू ठेवा आणि थांबा. काही दिवसांत पाणी निवळतं. याच वेळी टाकी उपसली तर तीच लाट पुन्हा येते.

वाळूवर आणि काचेवर तपकिरी पूड बसल्यासारखी दिसली, बोटानं सहज पुसली गेली, तर ते डायटम. त्यांचं कवच सिलिकाचं असतं. नव्या टाकीत पहिले काही आठवडे ते हमखास दिसतात आणि बहुधा आपोआप ओसरतात. हिरवे धागे किंवा कणांना घट्ट चिकटलेले हिरवे ठिपके हे खरं शेवाळ. जास्त प्रकाश आणि पाण्यात साठलेलं खत हे त्याचं खाणं.

वाळूवर निळसर-हिरवी, काळपट किंवा लालसर साय धरली, ती चादरीसारखी अख्खी उचलली गेली आणि तिला मातकट, कुबट वास आला, तर ते सायनोबॅक्टेरिया. त्यांना नीलहरित शेवाळ म्हणण्याची पद्धत आहे, पण ते जिवाणू आहेत. त्यांच्यातल्या अनेक जाती हवेतला नायट्रोजन थेट वापरू शकतात. त्यामुळे पाण्यात नायट्रेट जवळपास शून्य असतानाही त्या फोफावतात आणि टाकीधारक चक्रावून जातो.

काचेला लागून वाळूच्या आत काळा पट्टा दिसला आणि ढवळल्यावर सडक्या अंड्यांचा वास आला, तर तिथे ऑक्सिजन पोचत नाही. तिथले जिवाणू सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू बनवतात. अशी वाळू मासे आत असताना कधीही जोरात ढवळू नये.

शेवटचा प्रकार रोगांचा. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके येतात, तो इक नावाच्या परजीवीचा आजार. कापसासारखे डाग, झडणारे पंख, अंगावरच्या जखमा यांमागे कॉलम्नॅरिस किंवा एरोमोनाससारखे जिवाणू असू शकतात. मासे महिनोन्‌महिने खंगत जाणं, पाठ वाकणं, पोट आत जाणं ही माशांच्या क्षयरोगाची लक्षणं असू शकतात. या शेवटच्या रोगाकडे आपण पुढे वेगळं वळणार आहोत.

टाकीतच सफाई

डायटम, साधं शेवाळ आणि सायनोबॅक्टेरिया यांच्यासाठी वाळू बाहेर काढावी लागत नाही. सायफनच्या नळीनं थर ओढून घ्यायचा. वाळू बारीक असेल तर नळीचं तोंड पृष्ठभागापासून थोडं वर धरायचं, म्हणजे गाळ येतो आणि वाळू खाली राहते. एका वेळी तळाचा एक तृतीयांश भाग साफ करायचा, उरलेला पुढच्या आठवड्यांत. त्यामुळे उपयुक्त जीवांची वस्ती कायम राहते. वाळूसोबत शेवाळ आलंच तर ते बादलीत, टाकीतूनच काढलेल्या पाण्यात खळबळून धुवावं.

सायनोबॅक्टेरियाची साय ओढून घेतल्यावर टाकी ३ दिवस पूर्ण अंधारात ठेवायचा उपाय बऱ्याचदा लागू पडतो. दिवे बंद, वर जाड चादर आणि एअर पंप सतत चालू. पंप महत्त्वाचा, कारण मरणारी साय कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खाते. अंधारानंतर पाणी बदलायचं. काही जण एरिथ्रोमायसिनच्या गोळ्या पाण्यात टाकतात. सायनोबॅक्टेरिया त्यानं मरतात हे खरं, पण हे प्रतिजैविक इतर जिवाणूंवरही परिणाम करतं आणि बदललेल्या पाण्याबरोबर गटारात जातं. प्रतिजैविकांना न जुमानणारे जिवाणू वाढत असताना शोभेच्या टाकीसाठी ती वापरणं योग्य नाही.

बाहेर काढायचीच असेल तर

सगळे मासे दगावले असतील, रोगाचा मोठा फैलाव झाला असेल किंवा टाकी मोडून नव्यानं लावायची असेल, तर वाळू निर्जंतुक करून पुन्हा वापरता येते. ९ लिटर वाळूचं वजन १४ किलोंच्या आसपास भरतं आणि स्वच्छ, गोलसर कणांची वाळू सहज मिळत नाही. नद्यांच्या पात्रातून होणारा वाळूउपसा लक्षात घेता ती जपून वापरणं हे आपलं कर्तव्यही आहे.

पहिली पायरी पाण्यानं धुण्याची. जिवंत मासे असतील तर त्यांना आधी हवेची सोय असलेल्या वेगळ्या पाण्यात हलवा. वाळू थोडी थोडी बादलीत घ्या, जोरात पाणी सोडा, हातानं ढवळा आणि गढूळ पाणी ओता. पाणी स्वच्छ येईपर्यंत हे चालू ठेवा. ही पायरी टाळली तर पुढचं रसायन जंतूंपर्यंत पोचतच नाही, कारण क्लोरीन आधी गाळावरच खर्च होतो. साबण किंवा डिटर्जंट कधीही वापरू नका. कणांमध्ये अडकलेला साबण माशांच्या कल्ल्यांना इजा करतो.

दुसरी पायरी जंतू मारण्याची. वाळू कमी असेल तर सगळ्यात सुरक्षित उपाय उकळण्याचा. मोठ्या पातेल्यात वाळू बुडेल इतकं पाणी घ्या, अधूनमधून तळापासून हलवत १५ मिनिटं उकळा आणि तसंच निवू द्या. पातेलं पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका. ओली वाळू कोरड्या कढईत किंवा ओव्हनमध्ये तापवू नका. अडकलेल्या वाफेनं गरम कण उडतात.

वाळू जास्त असेल तर ब्लीच. साधं, वास किंवा रंग न घातलेलं सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण घ्या. त्याची ताकद ५ टक्क्यांच्या आसपास असेल तर १ भाग ब्लीचला १९ भाग पाणी पुरतं. वाळू त्यात अर्धा ते एक तास बुडवून ठेवा आणि दोन-तीनदा ढवळा. ब्लिचिंग पावडर वापरू नका, तिच्यातला चुना वाळूत बसतो. हे काम गॅलरीत किंवा अंगणात, हातमोजे घालून करा. ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर, व्हिनेगर किंवा दुसरं कोणतंही आम्ल कधीही मिसळू नका; त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि तो जिवावर बेतू शकतो. अमोनिया असलेलं क्लीनरही मिसळू नका.

तिसरी पायरी क्लोरीन घालवण्याची. वाळू अनेकदा धुऊन घ्या, मग अँटी-क्लोरीन घातलेल्या पाण्यात रात्रभर ठेवा. अँटी-क्लोरीनचे खडे म्हणजे सोडियम थायोसल्फेट. १ ग्रॅम क्लोरीन निष्प्रभ करायला ते साधारण ७ ग्रॅम लागतात. शेवटी वाळू ताडपत्रीवर पातळ पसरून कडक उन्हात पूर्ण कोरडी करा आणि रोज उलथापालथ करा. कोरडेपणानं उरलेसुरले परजीवी मरतात. मात्र नुसत्या उन्हावर विसंबू नका. सूर्यकिरण वरच्याच कणांवर पडतात आणि काही सायनोबॅक्टेरियांच्या जाड कवचाच्या पेशी सुकूनही तग धरतात.

वाळूबरोबर फिल्टर, जाळी, सायफन आणि सजावटीचे दगडही निर्जंतुक करायला हवेत. रोग फिल्टरमध्ये तसाच राहिला तर वाळूवर घेतलेली सगळी मेहनत वाया जाते.

प्रत्येक वाळू सारखी नसते

सिलिका वाळू आणि बेसाल्टच्या कणांची नदीची वाळू उकळणं आणि ब्लीच दोन्ही सोसते. कोकणातल्या किनाऱ्यांवरच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो. तो हळूहळू विरघळून पाणी जड करतो, म्हणून गोड्या पाण्याच्या बहुतेक माशांसाठी ती वाळू योग्य नाही. ओळखायची रीत सोपी आहे: कोरड्या वाळूवर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाका, फसफसलं तर चुना आहे. ही तपासणी ब्लीच वापरण्याआधी करा. रंग चढवलेली वाळू ब्लीचमध्ये रंग सोडते. वनस्पतींसाठी मिळणाऱ्या भाजलेल्या मातीच्या गोळ्या उकळल्यावर चिखल होतात आणि ब्लीच शोषून घेतात. त्या निर्जंतुक करण्याच्या भानगडीत पडू नये.

केव्हा टाकून द्यावी?

माशांच्या क्षयरोगाला मायकोबॅक्टेरियम मॅरिनम हा जिवाणू कारण असतो. फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयात मेलेल्या सागरी माशांतून तो १९२६ साली पहिल्यांदा ओळखला गेला. त्याच्या मेणचट आवरणामुळे तो क्लोरीनपुढे इतर जिवाणूंपेक्षा कितीतरी जास्त टिकाव धरतो. आणि त्याचा संसर्ग माणसालाही होतो. हातावर जखम किंवा ओरखडा असताना टाकीत हात घातला, तर काही आठवड्यांनी तिथे न दुखणारी गाठ किंवा न भरणारा व्रण येऊ शकतो. हा जिवाणू ३० अंश सेल्सियसच्या आसपास उत्तम वाढतो, म्हणून तो शरीराच्या आतपेक्षा हातापायांच्या थंड त्वचेत राहतो. उपचार काही महिने चालतात. अशी गाठ दिसली तर डॉक्टरांना घरात फिशटँक आहे हे आवर्जून सांगा, नाहीतर निदान लांबतं. टाकीत या रोगाची शंका असेल तर वाळू वाचवू नका. हातमोजे घालून ती पिशवीत बंद करा आणि कचऱ्यात द्या.

इकच्या बाबतीत एवढी टोकाची गरज नाही. तो परजीवी माशाशिवाय जगत नाही. आपल्याकडच्या उष्ण पाण्यात टाकी दोन आठवडे माशांविना चालू ठेवली, तरी वाळू निर्धोक होते आणि उपयुक्त जिवाणूही बहुतांशी टिकतात.

पुन्हा टाकीत

निर्जंतुक केलेली वाळू स्वच्छ असते, पण मृत असते. ती घातलेली टाकी नवीच समजायची. पाणी भरा, फिल्टर चालू करा आणि निरोगी टाकी असलेल्या एखाद्या मित्राकडून वापरातला स्पंजाचा तुकडा किंवा मूठभर वाळू आणा. अमोनियासाठी रोज चिमूटभर खाद्य टाका आणि टेस्ट किटनं मोजत राहा. अमोनिया चढेल आणि उतरेल, मग नायट्राइट चढेल आणि उतरेल. दोन्ही शून्यावर येऊन टिकल्यावरच मासे आणा, तेही थोडे थोडे.

ज्या कारणानं उद्रेक झाला ते कारण उरलं, तर तो परत येणारच. दिवे रोज ६ ते ८ तासांहून जास्त नकोत. खिडकीतलं थेट ऊन टाकीवर पडू देऊ नका. मासे दोन मिनिटांत संपवतील तेवढंच खाद्य टाका. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदला. वाळू दोन इंचांहून जाड नको. तिच्यात बिळं करणाऱ्या लांबुळक्या मेलॅनॉइडिस गोगलगायी असतील तर त्या ती मोकळी ठेवतात. या गोगलगायी आपल्याकडच्या नद्या-तळ्यांतही आढळतात. शेवाळ खायला म्हणून सकर फिश आणू नका. ती फूटभराहून मोठी वाढते, टाकीत मावेनाशी झाली की लोक नदीत सोडतात आणि आज ती उजनी जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यांत सापडते आहे.

धुतलेलं पाणी कुठे जातं?

१९८४ साली मोनॅकोच्या समुद्रविज्ञान संग्रहालयाजवळ भूमध्य समुद्रात कॉलर्पा टॅक्सिफोलिया हे शोभेच्या टाक्यांत वाढवलं जाणारं शेवाळ पहिल्यांदा दिसलं. पुढे ते हजारो हेक्टर सागरतळावर पसरलं. २००० साली तेच कॅलिफोर्नियातल्या एका खाजणात सापडलं. तिथे तज्ज्ञांनी शेवाळाच्या प्रत्येक पट्ट्यावर ताडपत्री अंथरली आणि तिच्याखाली क्लोरीन सोडला. २००६ साली ते पूर्ण नष्ट झाल्याचं जाहीर झालं. खर्च लाखो डॉलरांचा झाला. या शेवाळाच्या छोट्याशा तुकड्यातूनही नवं रोप वाढतं. टाकीतल्या वाळूच्या चमचाभर गाळात असे तुकडे, अंडी आणि परजीवी सहज मावतात.

म्हणून वाळू धुतलेलं पाणी नदी, तळं, विहीर किंवा ओढ्यात कधीही ओतू नका. ते सांडपाण्याच्या नळीत जाऊ द्या. ब्लीच न घातलेलं पाणी कुंड्यांनाही चालतं. टाकी साफ करायला बसाल तेव्हा आधी निदान करा, गरज असेल तेवढीच वाळू हलवा, आणि निर्जंतुक केलीच तर तिच्यात पुन्हा जीव येईपर्यंत, म्हणजे महिना-दीड महिना, माशांना वाट पाहू द्या.